पट्टीवरचा आकडा

मागच्या महिन्यात मी एका भल्या माणसाला आधी मनातल्या मनात लबाड ठरवले, आणि मग फोनवर तसे बोलूनही बसलो. कारण म्हणाल तर वीतभरही लांबी नसलेली एक पट्टी.

तर झाले असे. आमच्या शाळेला लवकरच पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्त जुने फोटो, निकालपत्रके, हस्तलिखित अंक स्कॅन करून नीट लावायचे काम मी अंगावर घेतले आहे. निवृत्त माणसाला कोणी काम सांगितले की तो नाही म्हणत नाही. पण माझा संगणक २०१८ सालचा. चार मोठे फोटो एकदम उघडले की त्याला धाप लागते. पुण्याचा नातू म्हणाला, "आजोबा, आठ जीबीची अजून एक रॅम टाका." रॅमला दुकानदार 'स्टिक' म्हणतात, मी पट्टी म्हणतो. मास्तराला पट्टी जवळची!

बाजारात संगणकाचे दुकान चालवणारा गृहस्थ माझाच जुना विद्यार्थी. १९९२ च्या सुमारास तो सातवीत माझ्या वर्गात होता. घरी येऊन त्याने पट्टी बसवली, जाताना काहीतरी सांगितलेही. मी तेव्हा चहाचे बघत होतो, नीट ऐकले नाही. तो गेल्यावर खोक्यावरचा आकडा पाहिला: ३२००. माझ्या जुन्या पट्टीवर होता २४००. म्हणजे आपला संगणक आता धावणार, अशी माझी समजूत. नातवाने फोनवरून टास्क मॅनेजर उघडायला शिकवले होते. त्यात मेमरीच्या पानावर वेगासमोर आकडा दिसला तो २१३३.

३२०० तर नाहीच, होते ते २४०० सुद्धा गेले! भर म्हणून नातवाने सीपीयू-झेड नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालवायला सांगितला. तो तर १०६६ दाखवू लागला. मी थेट दुकानात फोन लावला आणि म्हणालो, "खोक्यावर एक आणि आत एक? निदान आपल्या सरांना तरी फसवू नये माणसाने." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो एवढेच म्हणाला, "सर, मी बघतो येऊन." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

रात्री नातवाशी बोललो, आणि पुढचे आठ-दहा दिवस मिळेल ते वाचत बसलो. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे गोष्ट कळत नसली की ती कुठून आली हे शोधायची खोड आहे. या छोट्या पट्टीमागे पाऊणशे वर्षांचा इतिहास निघाला. त्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. स्मृतीचा वेग एकट्या स्मृतीचा कधीच नसतो.

सुरुवात पाऱ्यापासून. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांनी एडसॅक नावाचा संगणक बांधला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने पहिले गणित केले. त्याची स्मृती होती पाऱ्याने भरलेल्या, सुमारे पाच फूट लांबीच्या नळ्यांमध्ये. एका टोकाला विजेच्या स्पंदाचे ध्वनीत रूपांतर करायचे, तो ध्वनी पाऱ्यातून सरकत दुसऱ्या टोकाला जाणार, तिथे त्याची पुन्हा वीज करायची आणि परत पहिल्या टोकाला आणून सोडायची. आकडे असे गोल गोल फिरत राहायचे. फिरणे थांबले की विसरले. ही युक्ती मुळात युद्धकाळातल्या रडारच्या कामातून आलेली. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ध्वनीला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागे, आणि हवा असलेला आकडा टोकाशी येईपर्यंत बाकीच्या यंत्राने थांबून राहायचे. शिवाय पारा तापला-निवला की त्यातल्या ध्वनीचा वेग बदलतो, म्हणून नळ्यांचे तापमान सांभाळावे लागे. म्हणजे पहिल्याच पिढीत स्मृतीचा वेग खोलीतल्या हवेवर अवलंबून होता. (ॲलन ट्युरिंग यांनी पाऱ्याऐवजी जिन ही दारू सुचवली होती, असे सांगतात. ती सूचना कोणी मनावर घेतली नाही.)

याच सुमारास मँचेस्टरमध्ये फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दुसरा मार्ग काढला. टीव्हीच्या पडद्यासारख्या नळीवर विजेचे ठिपके उमटवायचे आणि तेच वाचायचे. त्यांचे 'बेबी' यंत्र २१ जून १९४८ रोजी चालले, त्याची सगळी स्मृती १०२४ बिटांची. ठिपके वाचायला थांबावे लागत नसे, हवा तो ठिपका लगेच मिळे. पण ते क्षणात विरत, म्हणून सारखे पुन्हा गिरवावे लागत. आम्ही मुलांकडून पाढ्यांची उजळणी करून घ्यायचो, त्यातलाच हा प्रकार. एक दिवस उजळणी चुकली की सतरा सत्ते विसरलेच.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत व्हर्लविंड नावाचा प्रचंड संगणक उभा राहत होता. त्यातही अशाच जातीच्या नळ्या होत्या आणि त्या फार त्रास देत. यंत्राचे गणित करणारे अंग तयार, पण स्मृतीच भरवशाची नाही. तिथल्या जे फॉरेस्टर यांनी मग चुंबकीय गाभ्यांची कल्पना लावून धरली. फेराइटचे मण्यांएवढे कडे, त्यांतून ओवलेल्या बारीक तारा, आणि प्रत्येक कड्याचे चुंबकत्व या दिशेला किंवा त्या दिशेला, म्हणजे एक किंवा शून्य. १९५३ च्या ऑगस्टमध्ये ही स्मृती व्हर्लविंडला जोडली. यंत्राचा वेग जवळजवळ दुप्पट झाला, आणि स्मृतीच्या दुरुस्तीत रोज चार तास जात होते ते आठवड्याला दोन तासांवर आले. मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. पळणारा घोडा चांगलाच, पण रोज चार तास नाल ठोकत बसावे लागले तर मुक्काम कधी गाठणार?

या गाभ्यांचा काळ आपल्या मुंबईनेही पाहिला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्याची गाभ्यांची स्मृती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून पाहिला, सगळी मिळून सुमारे दहा हजार बाइट. आज माझ्या फोनवरचा एकच फोटो तीसेक लाख बाइटचा असतो. टिफ्रॅकसारखे तीनशे संगणक मांडले तर त्यांच्या स्मृतीत तो एक फोटो मावेल. आणि तरी त्या दहा हजार बाइटांवर शास्त्रज्ञांनी खरी गणिते केली. मुंबईत हे चालले होते तेव्हा मी गावाकडे पाटी-पेन्सिल घेऊन बसलो होतो. पाटीही पुसली जायचीच म्हणा.

आजच्या पट्टीचे बीज १९६६ साली पडले. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना सुचले की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा थेंब धरून ठेवणारे एक इवलेसे भांडे, एवढे पुरे. १९६८ साली त्यांना पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची १०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत गाभ्यांचे ओवलेले हार मागे पडले. पण डेनार्ड यांचे भांडे गळके आहे. थेंब हळूहळू झिरपून जातो. म्हणून आजच्या पट्टीतही प्रत्येक भांडे साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावे लागते. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा उजळण्या, आणि त्याही अब्जावधी भांड्यांच्या. पारा गेला, पडदा गेला, गाभे गेले, उजळणी काही सुटली नाही.

आता आकड्याकडे येतो.

१९९० च्या दशकात पट्ट्यांवर वेग नॅनोसेकंदांत लिहीत. दहा नॅनोसेकंदांची चिप म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, असा सरळ हिशोब. १९९८ साली खरोखरच १०० मेगाहर्ट्झने चालणारे बोर्ड आले, लोकांनी दहा नॅनोसेकंदांच्या पट्ट्या त्यांत खोचल्या, आणि कितीतरी संगणक अडखळू लागले. चिपवरचा आकडा खोटा नव्हता. पण बोर्डावरच्या तारांतून संदेश जायला वेळ लागतो, यायला वेळ लागतो, शेजारच्या तारेचा गोंगाट असतो. दहा नॅनोसेकंदांतले सगळेच्या सगळे चिपने घेतले तर वाटेसाठी उरले काय? म्हणून इंटेलने 'पीसी-१००' नावाची नियमावली काढली आणि व्यवहारात आठ नॅनोसेकंदांच्या चिपा वापराव्या लागल्या. शाळेपासून दहा मिनिटांवर राहणारा मुलगा बरोबर दहा मिनिटे आधी निघाला तर घंटेला पोहोचेल हे कागदावर खरे. वाटेत रेल्वेचे फाटक असते, हे शिक्षकाला माहीत असावे लागते.

त्याच नियमावलीत आणखी एक शहाणपण होते. पट्टीवर एक अगदी लहानशी वेगळी चिप बसवायची आणि तिच्यात पट्टीची माहिती लिहून ठेवायची: मी इतक्या क्षमतेची, इतक्या वेगाला मला इतका अवधी लागतो. संगणक सुरू होताना बोर्ड आधी ही चिप वाचतो. पट्टीचे हे प्रगतिपुस्तकच म्हणा ना! त्यातल्या नोंदी ठरतात जेडेक या संस्थेच्या नियमांनी. सगळे उत्पादक तिथे एकत्र बसून मानके ठरवतात. पहिले डीडीआर मानक २००० सालचे, डीडीआर-४ २०१२ चे, डीडीआर-५ २०२० चे.

मग ३२०० आले कुठून? हौशी लोकांना मानकापेक्षा जास्त वेग हवा असतो. उत्पादक निवडक चिपा जादा वेगाला तपासून पाहतात आणि त्यांच्या पट्ट्या करून विकतात. हा जादा वेग लिहायला इंटेलने २००७ साली त्या लहान चिपमध्येच एक जादा पान काढले, त्याचे नाव एक्सएमपी. एएमडीने डीडीआर-५ साठी तसेच 'एक्स्पो' पान २०२२ मध्ये आणले. माझ्या नव्या पट्टीवरचे ३२०० हे त्या जादा पानावरचे. ते पान सांगते, मला १.३५ व्होल्ट द्या, मग मी ३२०० ने धावेन. मानकाचे १.२ व्होल्ट आणि मानकाच्या पानावरचा तिचा वेग २१३३. बोर्ड आपणहून जादा पान उघडत नाही. मालकाने सांगितले तरच उघडतो. नव्या माणसाची ओळख होईपर्यंत त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देऊ नये, तसेच हे. आणि दोन पट्ट्या असल्या की दोघींना झेपेल तोच वेग धरला जातो. म्हणून माझी २४०० ची जुनी पट्टीही २१३३ वर उतरली.

१०६६ चे कोडे तर फारच सोपे निघाले. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवणे, एकदा चढताना, एकदा उतरताना. ठोके १०६६, खेपा २१३३. एक प्रोग्रॅम ठोके मोजत होता, दुसरा खेपा. निम्मा वेग कुठेही गेला नव्हता.

आता खरी गोम. माझ्या संगणकातला प्रोसेसर आहे आय-३ ८१००. मेमरीशी बोलणारा भाग या प्रोसेसरच्या पोटातच असतो, आणि त्याची मर्यादा २४००. बोर्ड एच-३१० जातीचा, त्यावर ही मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणजे ३२०० ची पट्टी घाला नाही तर ४००० ची, माझ्याकडे २४०० च्या वर काही मिळणार नव्हते. दुकानदाराने जाताना सांगितले होते ते हेच: "सर, साधी पट्टी आत्ता शिल्लक नाही, ही त्याच भावात देतो. पण पूर्ण वेग तुमच्या मशीनवर मिळणार नाही." मी चहाचे बघत होतो.

त्याहून लाजवणारी गोष्ट नातवाने सांगितली. या बोर्डावर पट्ट्यांच्या दोन खाचा आहेत आणि दोन्हींचे रस्ते वेगळे. पूर्वी एकच पट्टी होती, तेव्हा २४०० च्या वेगाने एका रस्त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती जायची. आता २१३३ च्या वेगाने प्रत्येक रस्त्यावरून १७, आणि रस्ते दोन, म्हणजे ३४. मी फोन करून भांडत होतो त्या क्षणी माझ्या संगणकाचा रस्ता आधीपेक्षा पाऊणपट जास्त रुंद झालेला होता. माझे डोळे मात्र एका आकड्यावर खिळलेले. फोटो लवकर उघडू लागले आहेत, हे मी बघितलेच नव्हते.

नातवाने मग पद्धत शिकवली, ती कोणाच्या उपयोगी पडली तर लिहून ठेवतो. आधी आपला प्रोसेसर आणि बोर्ड किती वेग झेपवतात ते त्यांच्या माहितीपत्रकात बघावे. जो आकडा सर्वांत लहान, तोच आपला. पट्ट्या एकाच वेगाच्या आहेत का बघावे, शक्य तर जोडीनेच घ्याव्यात. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या कोणत्या खाचांत घालायच्या हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे. संगणक सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन, बोर्ड देत असेल तर जादा पान चालू करावे, नाही तर वेग हाताने निवडावा. मग मेमटेस्ट८६ सारखी चाचणी रात्रभर चालवावी. एक जरी चूक निघाली तरी वेग एक पायरी खाली आणावा. चार मेगाहर्ट्झसाठी शाळेचे फोटो बिघडवण्यात शहाणपण नाही. पट्टी दिसतच नसेल तर तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायचा आपल्याकडचा उपाय चालतो, पण त्याने वेग वाढत नाही. मी पुसून पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. मी काही बोलायच्या आत त्याने बायॉस उघडून 'ऑटो'च्या जागी २४०० निवडले, रात्रभर चाचणी लावायला सांगितली आणि निघाला. पैसे विचारले तर नको म्हणाला. चहाही नको म्हणाला. ते मला लागले.

चाचणी निर्वेध पार पडली. मी पुन्हा स्कॅनिंगला बसलो. १९९१-९२ च्या निकालपत्रकांचा गठ्ठा समोर होता. सातवी ब. त्याचे नाव सापडले. शेऱ्याच्या रकान्यात माझेच अक्षर: 'वेग कमी. प्रयत्न हवेत.' तो तेव्हा पहाटे उठून घरोघर पेपर टाकायचा आणि मग शाळेत यायचा. हे मला त्याने शाळा सोडल्यावर कोणीतरी सांगितले. वर्षभर तो माझ्यासमोर बसत होता, मी विचारले नव्हते. आकडा लिहिला आणि पान उलटले. असे किती शेरे त्या गठ्ठ्यात असतील, मोजायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइके होती. त्यांच्यासमोरच म्हणालो, "परवा फोनवर बोललो ते चुकलं माझं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही." तो गडबडला. खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "सर, अहो, रोज दोन जण येऊन हेच भांडतात." मग पोऱ्याला हाक मारली, "दोन चहा सांग रे."

शेऱ्याचे मी त्याला सांगितले नाही. पण ते निकालपत्रक स्कॅन करताना एक ठरवले. शाळेच्या प्रदर्शनात फोटो लावायचे, हस्तलिखिते लावायची, शेऱ्याचा रकाना मात्र झाकायचा. तो मुलांचा इतिहास नाही. तो आमचा आहे.